शेल गॅस, फ्रॅकिंग आणि आपल्या वावराखालचा खडक

उन्हाळ्यात गावातली हापशी नुसती हवा ओकायला लागली की कधीमधी ती मोठी सरकारी गाडी येते, ज्यांनी पाहिली त्यांना आठवत असेल. हापशीचं मुंडकं काढतात, पाइप-रॉड सगळे वर ओढतात, मग रबराचा एक फुगणारा बूच बोअरमध्ये खोल सोडून खडकाला घट्ट बसवतात आणि त्याच्याखाली टँकरचं पाणी जबर दाबाने कोंबतात. गेजचा काटा चढत जातो, चढत जातो आणि एकदम खाली येतो. काटा पडला की माणसं खुश, कारण खाली खडकातली भेग उघडली. भूजलवाले याला जलभंजन म्हणतात, गावातले म्हणतात "बोरिंगले प्रेशर मारलं". बुजलेल्या भेगा मोकळ्या होतात, एखादी बाजूच्या पाण्याच्या भेगेला जाऊन मिळते आणि हापशीला पुन्हा पाणी येतं. दरवेळी येतंच असं नाही, पण बऱ्याचदा येतं.

अमेरिकेत ज्याच्यावरून इतकी वर्षं भांडणं चालू आहेत ते फ्रॅकिंग म्हणजे मुळात हेच काम, फक्त खोली वेगळी, दाब वेगळा, पाण्यात काय मिसळलं ते वेगळं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाहेर काय येतं ते वेगळं. आपल्याकडे वणी-चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात मधून मधून कोणीतरी मोबाईलवर तो व्हिडिओ दाखवतो, नळाला काडी लावली आणि भडका उडाला, आणि म्हणतो आता हे आपल्याकडे येऊन राहिलं. दुसरा लगेच म्हणतो, येऊ दे ना भाऊ, गॅस निघाला तर पोट्ट्यांना नोकऱ्या तरी लागतील. दोघंही अर्धंच सांगून राहिले, म्हणून जरा सुरुवातीपासून सांगतो.

शेल म्हणजे चिखलाचा दगड. कोट्यवधी वर्षांपूर्वी पाण्याखाली एकदम बारीक गाळ बसत गेला, त्यात शेवाळ, पालापाचोळा, मेलेले जीवजंतू अडकले, वर थरावर थर चढले, दाब आणि उष्णता वाढली आणि त्या मेलेल्या मालाचं तेल झालं, गॅस झाला. आपल्या खुल्या खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यावर जो काळा-करडा, पापुद्रे सुटणारा दगड पडलेला दिसतो, हाताने सोलला तरी निघतो, तो शेलच. पण त्यात गॅस असेलच असं नाही हां, त्यासाठी तो पुरेसा खोल गाडला गेलेला पाहिजे, आत पुरेसा मेलेला माल पाहिजे आणि योग्य तेवढी उष्णता बसलेली पाहिजे.

नेहमीच्या गॅसविहिरीत काय होतं, की शेलमध्ये तयार झालेला गॅस हळूहळू निसटून वरच्या वाळूच्या सच्छिद्र खडकात जातो आणि त्याच्यावर घट्ट थर असला तर तिथे साचतो, म्हणजे तिथे भोक पाडलं की तो स्वतःच वर येतो. पण बराचसा गॅस निसटतच नाही, जिथे तयार झाला तिथेच बसून राहतो, कारण शेलमधली छिद्रं केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढी किंवा त्याहूनही बारीक असतात आणि एकमेकांना धड जोडलेली नसतात. असा गॅस आहे हे लोकांना फार आधीपासून माहीत होतं. काढायचा कसा आणि काढून परवडायचा कसा, तिथे गाडी अडली होती.

खडक फोडून गॅस वाढवायचा पहिला प्रयोग १९४७ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ह्यूगोटन गॅस क्षेत्रात झाला. तेव्हा पाणी नव्हतं वापरलं, घट्ट केलेलं पेट्रोल खाली सोडलं होतं, आणि फारसा फायदाही झाला नाही. १९४९ पासून धंदा म्हणून सुरू झालं. म्हणजे फ्रॅकिंग ही काही नवी गोष्ट नाही, नवं आहे ते दोन गोष्टींचं एकत्र येणं. एक म्हणजे बोअर आधी सरळ खाली आणि मग आडवा वळवणं, आणि दुसरं म्हणजे महागडं घट्ट जेल सोडून जवळपास साधंच, थोडंसं गुळगुळीत केलेलं पाणी प्रचंड प्रमाणात वापरणं. टेक्सासमध्ये जॉर्ज मिशेल नावाच्या माणसाच्या कंपनीने बार्नेट शेलवर जवळपास दोन दशकं पैसा ओतला तेव्हा १९९७-९८ च्या सुमारास हे पाण्याचं गणित जमलं, मग २००२ मध्ये डेव्हन एनर्जीने ती कंपनी घेतली आणि आडव्या बोअरला हे पाणी जोडलं. एकट्या हट्टी माणसाची गोष्ट सांगायला सगळ्यांना आवडते, पण त्यामागे अमेरिकन सरकारचा संशोधनाचा पैसाही होता, ते मागे पडतं.

आता काम कसं चालतं ते. आधी दोन-तीन किलोमीटर सरळ खाली, मग हळूहळू वळवत शेलच्या थरातच आडवं दीड-दोन, कधी तीन किलोमीटर. आपल्या वावरातल्या बोअरला केसिंग, म्हणजे कडेने बसवलेला पाइप, असतो तो फक्त मुरूम लागतो तिथपर्यंत, खाली पक्का काळा दगड लागला की उघडं भोक, कोणी विचारत नाही. इथे तसं चालत नाही, एकात एक लोखंडी केसिंग आणि प्रत्येकाच्या बाहेरच्या फटीत सिमेंट, निदान पिण्याच्या पाण्याचे थर ओलांडेपर्यंत तरी. मग आडव्या भागात छोटे बार उडवून केसिंगला भोकं पाडतात आणि टप्प्याटप्प्याने, एकेक तुकडा बंद करत, आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाच्या ४००-६०० पट दाबाने पाणी मारतात. खडक चिरतो. पाण्याबरोबर वाळू जाते, ती चिरांत अडकून बसते, म्हणजे दाब काढल्यावर चिरा मिटत नाहीत आणि त्यातून गॅस वाट काढत येतो.

हिशेब साधारण असा सांगतात की त्या मिश्रणात ९० टक्के पाणी, साडेनऊ टक्के वाळू आणि अर्धा टक्का रसायनं. अर्धा टक्का ऐकायला काहीच वाटत नाही, कंपन्याही तसंच सांगतात, पण एका विहिरीला दोन कोटी लिटर मिश्रण धरलं तर अर्धा टक्का म्हणजे एक लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. त्यात घर्षण कमी करणारं असतं, जंतू मारणारं असतं, पाइपला क्षार धरू नये म्हणून टाकलेलं असतं, सुरुवातीला हायड्रोक्लोरिक ॲसिडही असतं. सगळंच विष नाही, पण सगळंच निरुपद्रवीही नाही. आणि २००५ च्या अमेरिकन ऊर्जा कायद्याने डिझेल सोडून बाकी फ्रॅकिंगच्या मिश्रणाला तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या कायद्यातून सूट दिली होती, लोकांचा संशय वाढला त्याला हेही एक मोठं कारण.

या मिश्रणात आपल्या ओळखीची एक गोष्ट आहे, गवार. भाजी करतो तीच, फक्त तिच्या बीपासून निघणारा गवार गम पाणी घट्ट करतो आणि घट्ट पाणी वाळू चांगली वाहून नेतं. जगातली बहुतेक गवार भारतात पिकते, त्यातली बरीचशी राजस्थानात, आणि अमेरिकेत विहिरींचा धडाका लागला तसे गवार बीचे भाव असे भडकले की २०१२ च्या मार्चमध्ये क्विंटलला ३०,००० रुपयांच्या आसपास गेले, त्याच्या साल-दोन साल आधी दोन-तीन हजार होते. सरकारला वायदेबाजारच बंद करावा लागला. मग व्हायचं तेच झालं, सगळ्यांनी गवार पेरली, तिकडे कंपन्यांनी गवारीला पर्याय वापरायला घेतले, पुढे तेलाचे भाव पडले तसं ड्रिलिंगही कमी झालं, आणि भाव परत जमिनीवर. आपल्याकडे कापूस-सोयाबीनच्या भावात जे भोगतो त्यातलाच प्रकार, फक्त कारण थेट टेक्सासच्या बोअरमध्ये.

आता पाणी. पेनसिल्वेनियातल्या मार्सेलस शेलच्या सुरुवातीच्या विहिरींना एकेकीला दीड ते दोन कोटी लिटर पाणी लागायचं, पुढे आडवा भाग लांब होत गेला तसं काही ठिकाणी चार कोटींच्या वर गेलं. ३० बाय ३० मीटरचं आपलं शेततळं काठोकाठ भरलं तर त्यात साधारण २२ लाख लिटर मावतं, म्हणजे दोन कोटीच्या एका विहिरीला नऊ शेततळी, आणि एका जागेवर अशा सहा-आठ विहिरी एकाला एक लागून असतात. खरं सांगायचं तर अख्ख्या अमेरिकेच्या पाणीवापरात फ्रॅकिंगचा वाटा एक टक्क्याच्याही आत आहे, त्यामुळे "देशाचं पाणी संपवलं" वगैरे जे चालतं ते खरं नाही. पण पाणी देशाच्या हिशेबात नाही, तालुक्याच्या हिशेबात संपतं. ईरई धरणाच्या भरवशावर थर्मल चालवणाऱ्या चंद्रपूरला हे समजवायची गरज नाही. शिवाय ओलिताचं पाणी काही मुरतं, काही वाफ होऊन पावसात परत येतं, फ्रॅकिंगचं बरंचसं पाणी दोन किलोमीटर खाली कायमचं राहतं आणि जे वर येतं ते वापरायच्या लायकीचं राहत नाही.

ते वर येणारं पाणी म्हणजे या सगळ्या धंद्याची खरी डोकेदुखी, आणि माझ्या मते लोक नेमकं याच्याबद्दल कमी बोलतात. खाली खडकात जुनं समुद्राचं खारं पाणी दडलेलं असतं, ते गॅसबरोबर वर येतं, समुद्राच्या कितीतरी पट खारं, त्यात बेरियम, स्ट्रॉन्शियम, आणि मार्सेलसमध्ये तर रेडियमसारखं किरणोत्सारी द्रव्यही. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला खारं पाणी वावराचं काय करतं हे माहीत आहे, एकदा ओलित केलं की जमीन कशी चोपण होते. हे पाणी त्याच्यापेक्षा किती तरी खारं. पेनसिल्वेनियात सुरुवातीला हे चक्क शहरांच्या सांडपाणी प्रकल्पांतून नदीत सोडत होते, त्या प्रकल्पांना मीठ काढताच येत नाही, शेवटी २०११ मध्ये राज्याने सांगितलं तेव्हा कुठे थांबले. आता काही ठिकाणी तेच पाणी पुढच्या विहिरीला वापरतात, ते त्यातल्या त्यात बरं, पण बाकीचं पुन्हा जमिनीत खोल दुसऱ्या विहिरीत कोंबतात.

आणि कोंबण्याचा परिणाम ओक्लाहोमाने दाखवला. तिथे २००९ च्या आधी वर्षाला तीन किंवा त्याहून मोठ्या रिश्टरचे एक-दोन भूकंप व्हायचे, २०१५ मध्ये सुमारे ९०० झाले. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये पॉनी गावाजवळ ५.८ चा झाला. खोल कोंबलेल्या पाण्याने जुन्या भ्रंशांवर, म्हणजे खडकातल्या जुन्या तुटींवर, दाब वाढतो आणि ते सरकतात. यातलं बरंचसं पाणी तिथल्या तेलविहिरींबरोबर आपोआप येणारं खारं पाणी होतं, फ्रॅकिंगमधून परत आलेलं त्यात थोडंच, म्हणून "फ्रॅकिंगने भूकंप" हे जसंच्या तसं खरं नाही. पाणी कोंबायचं प्रमाण कमी करायला लावल्यावर भूकंपही कमी झाले. इंग्लंडमध्ये मात्र थेट फ्रॅकिंगनेच जमीन हलली, २०१९ च्या ऑगस्टमध्ये लँकशायरला २.९ चा धक्का बसला आणि नोव्हेंबरमध्ये सरकारने काम थांबवलं. भूकंप म्हटलं की आपल्याला किल्लारी आठवतं, तेवढं मोठं यातलं काही नाही, पण घराच्या भिंतीला तडे गेले तर माणूस रिश्टर विचारत बसत नाही.

आता त्या पेटत्या नळाकडे येऊ. लोकांना वाटतं खालची चीर वर वर येत विहिरीपर्यंत पोचली. बहुतेक ठिकाणी तसं होत नाही, चिरा साधारण काही शे फूट जातात आणि मध्ये किलोमीटर-दीड किलोमीटर खडक असतो. गॅस वर येतो तो केसिंगच्या बाहेरून, सिमेंट नीट बसलं नाही, पोकळी राहिली किंवा पुढे तडकलं तर त्या फटीतून. म्हणजे गुन्हेगार खोलचा दाब कमी आणि वरचं निकृष्ट काम जास्त, आणि निकृष्ट काम म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पेनसिल्वेनियातलं डिमॉक गाव यासाठी गाजलं, २००९ च्या पहिल्याच दिवशी तिथे एका घरच्या पाण्याच्या विहिरीत मिथेन साचून स्फोट झाला. वर्षानुवर्षं वाद चालला, २०२२ मध्ये कंपनीने कोर्टात आरोप लढवला नाही आणि गावाला नळयोजनेसाठी पैसे द्यायचं कबूल केलं. जवळपास चौदा वर्षं लागली बघा. २०११ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या भागातल्या विहिरी तपासल्या तर गॅसविहिरीच्या एक किलोमीटरच्या आत मिथेन जास्त सापडला, पण फ्रॅकिंगची रसायनं सापडली नाहीत. २०१६ च्या अमेरिकन पर्यावरण संस्थेच्या मोठ्या अहवालाचंही म्हणणं साधारण असंच, की काही परिस्थितीत पिण्याच्या पाण्यावर परिणाम होतो, आणि ते सांडणं, खराब विहिरी, दूषित पाण्याची विल्हेवाट यांतून.

पण यात एक मेख आहे. काही गावांत विहिरीच्या पाण्यात मिथेन आधीपासूनच होता, जमिनीतून नैसर्गिकरीत्या येणारा, आजोबाच्या काळातही काडी लावली तर पेटला असता. मग कंपनी म्हणते आधीचा आहे, शेतकरी म्हणतो तुमच्यामुळे आला, आणि आधीच्या पाण्याची तपासणी कोणी केलेलीच नसते. पेनसिल्वेनियाने मग २०१२ च्या कायद्यात धरून चालायचं ठरवलं की विहिरीपासून २,५०० फुटांच्या आत आणि काम झाल्यापासून १२ महिन्यांत पाणी बिघडलं तर दोष कंपनीचा, नाही हे कंपनीने सिद्ध करायचं. एवढ्या एका ओळीने काय फरक पडतो ते ज्यांनी खाणीमुळे विहीर आटल्याचे अर्ज घेऊन ऑफिसं पालथी घातली त्यांना कळेल. आपल्याकडे सिद्ध करायचं ओझं नेहमी ज्याची विहीर आटली त्याच्याच डोक्यावर.

हवेचं थोडक्यात सांगतो. गॅस जाळला तर कोळशाच्या जवळपास निम्मा कार्बन डायऑक्साइड निघतो, राख नाही, धूर कमी. अमेरिकेत २००५ मध्ये निम्मी वीज कोळशावर होती, २०२३ मध्ये १६ टक्क्यांच्या आसपास, आणि त्यात स्वस्त शेल गॅसचा वाटा मोठा आहे. चंद्रपूर-कोराडीच्या राखेखाली राहणाऱ्या माणसाने हे हलक्यात घेऊ नये. पण मिथेन न जळता गळाला तर २० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त तापवतो, म्हणून विहिरीपासून पाइपलाइनपर्यंत थोडीथोडी गळती झाली तरी फायदा खाल्ला जातो. त्यात वाळूची बारीक धूळ, तिने कामगारांच्या फुफ्फुसाला सिलिकोसिस होतो, २०१२ मध्ये अमेरिकेच्या सरकारी संस्थांनी याबद्दल धोक्याचा इशारा दिला होता. आणि ट्रक, एका विहिरीला हजाराच्या वर फेऱ्या. वणी-घुग्घुस रस्त्यावरून रात्रीची मोटरसायकल चालवलेल्या कोणालाही त्याची कल्पना येईल.

आता पैशाचं. २००८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत दहा लाख बीटीयू (गॅस मोजायचं माप) गॅस १३ डॉलरच्या जवळ होता, २०१२ च्या एप्रिलमध्ये दोन डॉलरच्या खाली आला. रशियाला मागे टाकून अमेरिका जगातला सगळ्यात मोठा गॅस उत्पादक झाला, २०१६ मध्ये टेक्सास-लुइझियानाच्या सीमेवरच्या सबीन पास इथून थंड करून द्रव केलेला गॅस, म्हणजे एलएनजी, जहाजांनी बाहेर जायला लागला. गेल या आपल्या सरकारी गॅस कंपनीने तिथून वर्षाला ३५ लाख टनांचा २० वर्षांचा करार २०११ मध्येच करून ठेवला होता, त्याचं पहिलं जहाज २०१८ च्या मार्चमध्ये लागलं ते आपल्याच दाभोळला. म्हणजे शेल गॅस महाराष्ट्रात येऊन बरीच वर्षं झाली, फक्त जमिनीतून नाही, समुद्रातून आला.

आणि तो आपल्या वावरातही आहे. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि आपल्या युरिया कारखान्यांना लागणाऱ्या गॅसमधला मोठा हिस्सा बाहेरून येतो. ४५ किलोची गोणी आपल्याला २६६ रुपये ५० पैशाला मिळते कारण वरचा फरक सरकार भरतं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध झालं, युरोपने अमेरिकेचा गॅस जास्त पैसे देऊन ओढून घेतला, जगभर गॅस आणि खतं महाग झाली आणि २०२२-२३ मध्ये भारताचं खत अनुदान अडीच लाख कोटींच्या घरात गेलं. गोणीचा भाव नाही हलला म्हणून आपल्याला कळलं नाही एवढंच. त्यामुळे "तिकडच्या गॅसशी आपलं काय" असं म्हणणाऱ्याने कृषी केंद्रात रांगेत उभं राहून विचार करावा.

तिथल्या गावांना काय मिळालं हे मात्र गुंतागुंतीचं आहे. शेलची विहीर पहिल्या वर्षातच ६०-७० टक्क्यांनी कमी होते, मग उत्पादन टिकवायला नवीन विहिरी मारतच राहावं लागतं, थांबलं की घसरलं. उत्तर डकोटातलं विलिस्टन घ्या, तिथे शेलमधून तेल काढतात. २०१० नंतर कामगारांचे लोंढे आले, २०१४ मध्ये घरभाडं न्यूयॉर्कपेक्षा जास्त झाल्याच्या बातम्या होत्या, माणसं गाडीत झोपायची, आणि त्याच वर्षाच्या शेवटी तेल पडलं तशी घरं रिकामी. कंपन्यांचंही तेच, कर्ज काढून विहिरी मारल्या, भाव पडला, २०२० च्या जूनमध्ये चेसापीकसारख्या मोठ्या कंपनीनेही दिवाळखोरी जाहीर केली.

हे सगळं सांगितल्यावर गावातल्या एका काकाजींनी नेमका प्रश्न विचारला, "थे ठीक हाय बापा, पण आपल्या वावरातून निघालं त आपल्याले काय भेटते?" इथेच अमेरिका आणि आपण वेगळे होतो. तिथे बहुतेक ठिकाणी जमिनीखालचं खनिजही जमीनमालकाचं असतं, तो कंपनीशी करार करतो, आधी एकरी रक्कम घेतो आणि मग विक्रीतला हिस्सा. पेनसिल्वेनियात कायद्याने कमीत कमी आठवा हिस्सा, म्हणजे साडेबारा टक्के. कित्येक दूधवाल्या शेतकऱ्यांचं कर्ज त्यातून फिटलं, काहींना कंपनीने खर्च कापून कापून हातावर चिल्लर ठेवली, तेही झालं. शेजाऱ्याने करार केला आणि तुम्ही नाही केला तर धूळ आणि ट्रक दोघांना सारखेच, पैसा एकालाच, त्यातून गावं फुटली. आपल्याकडे खालचं तेल-वायू सरकारचं. जमिनीवरच्या उत्पादनाची रॉयल्टी राज्याच्या तिजोरीत जाते, शेतकऱ्याला मिळतो तो वरच्या जमिनीचा मोबदला किंवा भाडं. म्हणजे अमेरिकेत निदान ज्याच्या विहिरीला धोका त्याच्याच खिशात पैसा यायची सोय आहे. आपल्याकडे धोका गावात आणि पैसा मुंबई-दिल्लीत. काकाजींना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे कोळशासारखंच." हो, तसंच.

मग आपल्याकडे येणार का? ओएनजीसीने २०११ च्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूरला शेलमधून गॅस काढून दाखवला, २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने शेलचं धोरण आणलं. किती गॅस काढता येईल यावर अंदाज बघा, अमेरिकेच्या ऊर्जा माहिती खात्याने २०१३ मध्ये खंबात, कृष्णा-गोदावरी, कावेरी आणि दामोदर ही चार खोरी धरून ९६ लाख कोटी घनफूट सांगितला, त्याच देशाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०१२ मध्ये फक्त सहा. दोन सरकारी खाती आणि फरक सोळा पटींचा. त्यानंतर धंद्याच्या प्रमाणात शेल गॅस भारतात निघालेला नाही. विहिरी महाग, पाणी कमी, जमीन दाट वस्तीची आणि खडकही अमेरिकेसारखे पसरलेले सपाट नाहीत.

विदर्भाचं म्हणाल तर पश्चिमेकडे सगळा काळा पाषाण, लाव्हारसाचा, त्यात गॅसचं नावही नको. पूर्वेकडे नागपूर-वणी-चंद्रपूर ते गडचिरोलीपर्यंत गोंडवनाचे खडक आहेत, कोळसा आहे, शेलही आहे, पण अमेरिकन खात्याने धरलेल्या त्या चार खोऱ्यांत आपलं नाव नाही. कोळशातल्या मिथेनचं प्रकरण जास्त जवळचं आहे, कारण त्यासाठीही बहुतेक वेळा खडक फोडावा लागतो आणि शेजारी मध्य प्रदेशात शहडोलकडे सोहागपूरला २०१७ पासून तो निघून राहिला. आपल्या बऱ्याच खाणी उघड्या, कोळसा उथळ, आणि मिथेन टिकतो खोल कोळशात, त्यामुळे इथे लगेच काही होईल असं मला वाटत नाही.

पण शोधासाठी कोणी बोअर मारायला आलंच तर एक गोष्ट माहीत असू द्या. २०२० च्या जानेवारीत केंद्राने तेल-वायूच्या शोधाचं काम पर्यावरण मंजुरीच्या खालच्या वर्गात टाकलं, त्यामुळे शोधाच्या टप्प्यावर जनसुनावणी लागत नाही, ती लागते प्रत्यक्ष उत्पादनाच्या वेळी. म्हणजे गावाला विचारतील तोपर्यंत मशीन येऊन गेलेली असेल. तमिळनाडूत कावेरीच्या खालच्या भागात शेतकऱ्यांनी नेडुवासलसारख्या गावांत महिनोन्‌महिने धरणं धरली तेव्हा २०२० मध्ये त्या राज्याने कायदाच केला आणि त्या भागात नवीन तेल-वायूचे शोध बंद केले. तिथे भाताचा पट्टा आणि मतांचा जोर दोन्ही होतं.

गाव कोळशाच्या पट्ट्यात असेल आणि जवळ कोणत्याही कामाचे खोल बोअर चालू असतील तर विहिरीच्या आणि हापशीच्या पाण्याचा नमुना आत्ताच तपासून रिपोर्ट जपून ठेवा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर, कारण दोन्हींत फरक पडतो. नेहमीच्या तपासणीत क्षार, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट येतं, मिथेन येत नाही, तो हवा असेल तर आधी सांगावं लागतं आणि ती सोय असलेली लॅब शोधावी लागते. त्याची बाटली काठोकाठ भरून बुचाखाली हवेचा बुडबुडा न ठेवता बंद करायची, नाहीतर गॅस उडून जातो आणि रिपोर्ट कोरा येतो. नमुना घेताना तारीख, विहिरीचा सर्व्हे नंबर आणि पाण्याची पातळी लिहून सरपंचाची सही घ्या.